तीन वर्षांत एक फाऊल नाही

“काका, समोरचे फॉरवर्ड तुमच्या खेळाले भेत होते, का इटाळाले?”

विचारून टाकलं एकदाचं. मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. देवमनकाका हातोडी खुंटीला अडकवत होते, ती तशीच हातात राहिली. पाण्याच्या टाकीमागे माझ्या वर्गातली वच्छला आणि आणखी दोघी तोंडं दाबून उभ्या होत्या. “हिंमत असंन तं इचारून दाखव,” असं वच्छलानं सकाळच्या प्रार्थनेपासून लावलं होतं, आणि मला हिंमत नाही असं कोणी म्हटलेलं त्या दिवसांत मला चालतच नव्हतं. डिसेंबरात अकोल्याहून वक्तृत्वाची ढाल मीच आणली होती. बडनेऱ्याला गाडीतून उतरल्यावर ती मी बाईंनासुद्धा धरू दिली नाही. ढालीच्या आधी मी वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की घाम फुटायचा. ढालीनंतर मी एकदा हेडबाईंच्या खोलीत न विचारता शिरले होते.

देवमनकाका आमच्या मुलींच्या शाळेतले शिपाई. बारा वर्षांपूर्वी ते इथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे राइट बॅक होते, म्हणजे गोलापुढे उभं राहून समोरच्याचा बॉल काढून घेणारे, आणि असा बॅक वऱ्हाडात दुसरा झाला नाही असं अर्धं अमरावती म्हणायचं. इंटरला दोनदा नापास झाले, मिळाली ती नोकरी धरली. घराणं महारांचं, छप्पन सालापासून बौद्ध. यातलं काहीही मला आदल्या रविवारपर्यंत माहीत नव्हतं. मला ते घंटेवाले काका एवढेच ठाऊक.

रविवारी आमच्या ओसरीवर बैठक बसली. कॉलेजच्या टीमला पंचवीस वर्षं होत होती. आजवरच्या खेळाडूंतून सर्वांत चांगले अकरा निवडायचे, त्यांची नावं रंगवून पुढच्या रविवारच्या कार्यक्रमात फळा कॉलेजच्या हॉलमध्ये लावायचा, असं ठरलं होतं. समितीचे प्रमुख जानराव. सोबत हॉटेलवाले नत्थुजी, ज्यांनी पंचवीस वर्षांत एक मॅच सोडली नाही. आणि बैठक आमच्याकडे, कारण माझे बाबा वामनराव हे अकोल्याच्या कॉलेजचे सेंटर फॉरवर्ड. समोरून खेळलेल्या माणसाचा शब्द हवा होता. बाबांचं लग्न मॅट्रिकच्या आधीच झालेलं. ते अकोल्याला गोल मारत होते तेव्हा मी वरूडला मातीत खेळत होते.

“दहा नावं झाले,” जानराव म्हणाले. “राइट बॅकवर गाडी अडली. भगवंत का देवमन?”

“अडते काहून?” नत्थुजी उसळलेच. “तीन वर्षांत एक फाऊल नाई देवमनचा. एक! भगवंतचे मोजता मोजता रेफरीची शिट्टी फाटे!”

“भगवंत आंगावर तरी जाय, भाऊ. देवमनचा फाऊल होईन कसा? फाऊल व्हाले समोरचा जवळ तं याले पाह्यजे!” जानराव म्हणाले.

“म्हनजे?”

“म्हनजे काय म्हनजे? शिवाशीव होती तवा. फॉरवर्ड लोक दुरूनच वळून जात.”

“मंग त्याईच्या पायातला बॉल कोन काढे? तुमचा मामा?”

सगळे हसले. जानरावही हसले. “भांडता काहून? वामनरावले इचारा. बावन्नच्या फायनलले समोर तेच होते.”

बाबा चहा फुंकत होते. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी.

“खेळे तं चांगला,” बाबा म्हणाले. “पन खरं सांगू का? त्याले आंग लावून घरी गेलो असतो, तं मायनं आंगनातच घागर वतली असती डोक्यावर. कोन जाईन बाप्पा जवळ!”

पुन्हा हसणं. मीही हसले, ते लपवत नाही. नत्थुजी हसले नाहीत. त्यांनी कप अर्धाच खाली ठेवला आणि म्हणाले, “तुमीच म्हनता तं मंग बोलनंच खुंटलं.” भगवंतचं नाव लिहिलं गेलं. उठताना जानरावांनी मला जवळ बोलावलं. “नावं आमची शकुन वाचंन स्टेजवर. ढाल आनली पोट्टीनं!” मग काय, दुसऱ्या दिवशी सगळी बैठक मी वर्गात आवाज काढून काढून सांगितली. वच्छलाची पैज त्यातूनच निघाली.

“हे कोनं सांगतलं तुले?” देवमनकाकांनी विचारलं.

“आमच्या घरी बोलत होते. बाबा म्हने.”

“वामनराव म्हने?”

मी मान हलवली. काका पायरीवर बसले. टाकीमागे कोणीतरी फिसकन हसलं, काकांनी नुसतं तिकडे पाहिलं, तशा तिघी पळाल्या.

“मले बी मालूम नाई, पोरी,” ते म्हणाले.

ते रागावतील म्हणून पळायची तयारी मी ठेवली होती. हे उत्तर मी धरलंच नव्हतं.

“बारा वर्षं झाले. समोरचा वळला की मले वाटे, हा माह्या पायाले भेला का आंगाले? बॉल सुरू असतानी इचारता येते का? पयल्या वर्षी एक जन माह्या खांद्याले लागून पडला. उठला अन् कपडे झटकाले लागला. धूळ नोता झटकत तो. मले समजलं. तवापासून ठरवलं, मानसाले धक्का लावाचाच नाई. नुसता बॉल काढाचा. पाय असा सरकवाचा, का त्याले समजूच नये बॉल कवा गेला.” बसल्या बसल्या त्यांनी उजवा पाय पायरीवरून आडवा नेला आणि परत घेतला. चप्पल जरासुद्धा वाजली नाही. “म्हून फाऊल नाई, बाई. लोक म्हनत, लय साफ खेळते. साफ खेळाच लागे.”

ढालवाली मी, त्यांच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.

“तू इचारशीन तुह्या बाबाले?” आता ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या हातोडीकडे बघत होते. “फायनलले तीन डाव एकटेच आले माह्यासमोर. तिन्ही डाव बॉल मी काढला. त्याईले मालूम असंन. मी कसा इचारू? तुमच्या दारात उभा राहून म्हनू का, तवा कायले भेले तुमी? तू घरची हायेस. खरं असंन ते सांगजो. वाईट असलं तरी सांगजो.”

बाबांचा संत्र्यांचा व्यापार. संध्याकाळी वरूडहून आलेल्या मालाचा ओसरीवर ढीग पडायचा आणि बाबा, आई, मी तो निवडायला बसायचो. मोठी एकीकडे, बारकी एकीकडे, डागी वेगळी. मी बसल्याबरोबर विचारलं.

“जुन्या गोष्टी हायेत, शकुन. तुले काय कराचं?”

“मले नाई, देवमनकाकाले पाह्यजे. आमच्या शाळेत शिपाई हायेत ते.”

बाबांचा हात ढिगावरच राहिला. “शिपाई झाला म्हनून ऐकलं होतं. तुमच्याच शाळेत?”

“सांगा ना,” आई म्हणाली. “पोरगी इचारून राहिली.”

बाबांनी चार संत्री उचलून बाजूला टाकली. मग बोलले ते ढिगाशीच बोलल्यासारखे.

“दोन डाव त्यानं बॉल काढला. तिसऱ्या डावाले मी ठरवलं, आता त्याच्या आंगावरच जाचं. शिवाशीव नोती डोक्शात, खेळतानी कोनाच्याच नसते. सरळ गेलो. अन् पायात बॉलच नाई! माहे पाय चालूनच राहिले, बॉल गेला तिकडं. अख्खं मैदान हसलं. त्याच्यानंतर बॉल माह्याकडं आला, का मी त्याले पाहूनच वळो. खरंखुरं भेव, शकुन. मी दुसऱ्याले देऊन टाको.”

“मंग?”

“मंग हारलो. बाहेर येऊन बसलो, तं कॅप्टन म्हने, काहून रे वळत होता तू? तोंडातून निंगून गेलं, बाटलो असतो ना राजेहो! सगळे हसले. हारल्याचं मंग कोनी बोललंच नाई. पुढं यवतमाळवाले बी तेच सांगाले लागले, नागपूरवाले बी. सोपं होतं ते.”

“अन् परवा?” आईनं विचारलं.

“परवा आपोआप आलं तोंडात. बारा वर्षं तेच सांगून राहिलो.”

मला तर आनंदच झाला. इतका, की मी उठून उभी राहिले. “मंग चला ना बाबा, जानरावकाकाले सांगू! फळा रंगवाचाच हाय अजून.”

“येडी झाली का? लोक काय म्हनतीन? बारा वर्षं खोटं बोलला वामन, अन् कायपायी, तं एका खेळापायी?” बाबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “तू सांग त्याले. खेळालेच भेत होते, म्हन. पन माहं नाव घेऊ नोको. शपथ हाय तुले.”

त्यांनी एक डागी संत्रं चांगल्यांत टाकलं. आईनं ते मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवलं.

मला वाटलं, चालेल. नाव काय करायचंय, खरं तर खरंच ना! दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच मी फाटकाशी. काका आवार झाडत होते.

“काका, ते तुमच्या खेळालेच भेत होते!”

काकांचा चेहरा असा फुलला की मी तसा कधीच पाहिला नव्हता. ते एकदम विशी-बाविशीतले दिसले. झाडू टेकवून ते दोन पावलं पुढे आले.

“कोन म्हने? वामनराव म्हने?”

मला शपथ आठवली. “सगळेच म्हनत होते.”

“सगळे म्हनजे कोन?”

“म्हनजे... मी ऐकलं.”

“कोनापासून?”

 वक्तृत्वात मध्येच अडलं तर पुढच्या मुद्द्यावर उडी मारायची असते, पण माझ्याजवळ पुढचा मुद्दाच नव्हता. मी चपलेकडे पाहत राहिले. वर पाहिलं तेव्हा काकांच्या चेहऱ्यावरचं ते सगळं निघून गेलं होतं. उरलं होतं फक्त हसू, आणि ते माझ्यासाठी होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि अर्ध्यातूनच परत घेतला.

“लय गुनाची हायेस तू,” ते म्हणाले. “माह्यं मन राखाले सांगून राहिली. असू दे. तुह्या बाबानं काय सांगतलं, ते समजलं मले.”

“नाई हो काका, खरंच!”

“असू दे म्हनलं ना.”

ते पुन्हा झाडायला लागले. मी तिथेच उभी होते म्हणून त्यांनी मला वळसा घालून झाडलं. बारा वर्षं त्यांना ठाऊक नव्हतं, तोवर निदान अर्धी आशा तरी होती. ती अर्धी मीच पुसली, आणि तीही खरं सांगून.

त्या आठवड्यात वच्छलानं मला तीनदा विचारलं, काय म्हने ग काका? मी तिच्याशी बोललेच नाही. फळा रंगून आला, तो मी जानरावांच्या सायकलवर उभा बांधलेला पाहिला. राइट बॅक, भगवंत. अक्षर सुरेख होतं.

शनिवारी दुपारी शाळेतली बाकं कार्यक्रमासाठी बैलगाडीवर चढवत होते. काका एकटेच एकेक बाक खांद्यावर घेऊन येत होते. मला पाहून थांबले.

“उद्या तुहं वाचन ऐकाले मी मागं उभाच हाय,” ते म्हणाले. “बाकं लावाले आमालेच जा लागते. चांगलं खणखणीत वाचजो. भगवंतचं नाव बी चांगलं वाचजो बरं. तो बी खेळे.”

मी घरी आले ती न्हाणीत जाऊन रडले. किती वेळ, माहीत नाही. आईनं दोनदा हाक मारली.

बाहेर आले तेव्हा आई बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होती. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत बाबांची खुर्ची होती. बाबा कार्यक्रमाची पत्रिका वाचत होते, आणि तिच्यात माझं नाव छापलेलं आईला दाखवत होते.

“बाबा,” मी म्हटलं, “आई, तू बी आइक. उद्या मी दहाच नावं वाचीन.”

“म्हनजे?”

“राइट बॅक शेवटी ठेवीन, अन् तिथं थांबीन. तुमी समोरच असान. तुमाले उठून सांगाचं असंन, तं सांगजा. मी थांबून राहीन, लोक हसले तरी.”

“अन् नाई उठलो तं?”

“तं मी सांगीन. तुमचं नाव घेऊन.”

“शपथ घातली होती तुले मी.”

“तुमी घातली होती. मी घेतली नोती.”

आईनं इस्त्री उभी केली. बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, ते जास्त कठीण होतं. रडून बसलेला आवाज फुटेल असं वाटत होतं, म्हणून मी हळूच बोलले, पण बोलले.

“मले मारा, शाळेतून काढा, काई बी करा. देवमनकाका बाकं लावून मागं उभे असतीन, बाबा. मी त्याईच्याकडं पाहूनच सांगनार हाय.”