समुद्राकडची खिडकी

कोळीवाड्यातलं तुळशीरामचं घर सगळ्यात शेवटचं. त्याच्यापुढे नुसती पुळण आणि पुळणीपुढे समुद्र. पण घराने समुद्राकडे पाठ केलेली. दार पूर्वेला, ओटी पूर्वेला आणि पश्चिमेला चिऱ्यांची सलग भिंत. ज्या वाऱ्याशी दिवसभर झगडायचं त्याला घरात कशाला बोलवायचं, असा वाडवडिलांचा हिशेब. म्हणूनच मुंबईच्या भाडेकरूने विचारलं, "या भिंतीत खिडकी पाडून घेऊ का? गवंडी मी बघतो," तेव्हा तुळशीरामच्या मनात पाल चुकचुकली.

भाडेकरूचं नाव दिनानाथ. गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेला. त्याचा चष्मा आणि हातातली वही बघून वाड्याने त्याला मास्तर करून टाकलं होतं. बरोबर बायको, नलूबाई. दसरा झाल्यावर दोघं आले आणि होळीपर्यंत मागच्या दोन खोल्या मागितल्या. तिकडे दिवेआगरात नारळी-पोफळीच्या सावलीत चांगली घरं मिळत होती; दारात विहीर, सकाळी गाईचं दूध. ते सोडून ही माणसं सुक्या बोंबलाच्या वासात राहायला आली. का, तर म्हणे घरातून समुद्र दिसायला हवा.

"समुद्रात बघन्यासारखं काय हाय?" तुळशीराम बायकोला म्हणाला. "तो तर रोजच असतो."

"तुमाला काय करायचं? मानसं बरी हायत," सोनूबाई म्हणाली आणि जाळ्याची गाठ दातांनी ओढत राहिली.

खिडकी पडली. नलूबाई पहाटेपासून तिथे बसू लागली. चहा तिथे, जेवण तिथे, दुपारी वाऱ्यावर डुलकीही तिथेच. भरती लागली की ती नवऱ्याचा हात धरून पुळणीवर जायची आणि फेसात पाय बुडवून लहान मुलीसारखी हसायची. "आज पाणी बघ कसं, कैरीच्या सालीसारखं," असं काहीबाही सोनूबाईला सांगायची. सोनूबाईला मजा वाटायची. तुळशीरामला मात्र एवढ्या सुखाचा अर्थ लागत नव्हता. सुखासाठी कोणी भिंत फोडतं का?

मग त्याने डोळे उघडे ठेवले, तशी एकेक गोष्ट दिसू लागली.

सकाळी होड्या निघाल्या की मास्तर वही घेऊन बायकोशेजारी उभा राहायचा. ती समुद्राकडे बघत हळूच काही बोलायची, तो लिहायचा. कोणी आलं की वही मिटायची. सूर्य पुरता बुडायच्या आधीच, उजेड असतानाच, खिडकीत कंदील लागायचा. एकदा तुळशीराम खिडकीच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिला, हात लांबवला असता तर लागला असता. बाईने त्याच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. आणि त्याच वेळी दूरच्या होडीकडे बोट करून ती नवऱ्याला म्हणाली, "ती तिरकी झालेली बघा." मैलावरचं दिसतं आणि शेजारचा माणूस दिसत नाही? ओळख द्यायची नसेल तरच असं होतं.

त्यातून महिन्यापूर्वीच दिघीच्या बाजूला एक गलबत पकडलं होतं. घड्याळं निघाली, सोन्याची बिस्किटं निघाली. ज्याच्या पडवीत माल उतरवला होता, त्याला हातकड्या घालून नेलं.

भागोजी वाड्यातला मोठा होडीवाला. त्याला वेगळाच वास येत होता. "तुझा मास्तर कस्टमचा मानूस हाय," तो तुळशीरामला बाजूला घेऊन म्हणाला. "आमच्या होड्या मोजतो. त्याला घालव."

तुळशीरामला ते पटलं नाही. कस्टमचा माणूस बायको घेऊन कशाला येईल? हे लोक कंदील दाखवून बाहेरच्या गलबताला खुणा करत असणार. उद्या माल आपल्याच घरात सापडला, तर होडीही जाईल आणि आपणही जाऊ. आठ दिवस त्याला घास गोड लागला नाही. शेवटी सुक्या कोळंबीचे सोडे विकायला जातो असं सोनूबाईला सांगून तो दिघीला गेला, तरीतून खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरला आणि कस्टमच्या नाक्यावर जाऊन सगळं सांगून आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंमलदार आणि दोन शिपाई आले. मागोमाग सगळा वाडा अंगणात जमला. शिपायांनी ट्रंक उपसली, गाद्या उसवल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला. काहीच निघालं नाही. मग उशीखालून वही निघाली.

अंमलदाराने मोठ्याने वाचलं. "सोळा नोव्हेंबर, सकाळी आठ. होड्या एकवीस. अकरा. दोन डिसेंबर. होड्या एकोणीस. नऊ." त्याने पानं उलटली. "काल. होड्या वीस. सात. हे अकरा, नऊ, सात काय आहे? कुणाच्या होड्या?"

दिनानाथने बायकोकडे बघितलं. आपण बरोबर होतो याचं तुळशीरामला समाधान वाटलं.

"सांगून टाका," नलूबाई म्हणाली. मग तीच पुढे बोलली. "मला काचबिंदू आहे, साहेब. नजर कडेने मिटत चाललीय. समोरचं, लांबचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. जरा अंधारलं की काहीच नाही. होड्या निघाल्या की मान न हलवता, एका नजरेत किती मावतात ते मी सांगते, आणि हे लिहून ठेवतात."

अंमलदार तिच्या उजव्या बाजूला सरकला आणि त्याने तिच्या कानाजवळ हात हलवला. ती तशीच समोर बघत राहिली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गेलेलं परत येणार नाही. आहे तोवर बघून घ्या, म्हणाले. चाळीतल्या खोलीत बघायला काय होतं? समोरची भिंत."

"मग लपवलं कशाला?"

"आंधळी होत चाललेल्या बाईला लोक बघायला येतात, साहेब. मला समुद्र बघायचा होता."

अंमलदाराने वही मिटली आणि स्वतः उशीखाली ठेवली. बाहेर पडताना तो अंगणात थांबला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुळशीराम, पुढच्या वेळी नीट खात्री करून नाक्यावर या."

त्या एका वाक्याने व्हायचं ते झालं. एकेक जण पांगला. भागोजी मात्र जाता जाता थांबला आणि तुळशीरामकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला.

संध्याकाळी तुळशीराम मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. "मास्तर, मीच गेलतो."

"कळलं." दिनानाथ उसवलेली गादी शिवत होता. "आम्ही उद्याची गाडी बघतो."

"मी कुठे जाणार नाही," नलूबाई आतून म्हणाली. "होळीपर्यंत घर घेतलंय."

दुसऱ्या दिवसापासून बंदरावर तुळशीराम आला की बोलणं थांबायचं. त्याच्या होडीवर येणारे शिवदास आणि चंदर, दोघांनीही काही ना काही कारण सांगून यायचं टाळलं. होडी पुळणीवरच पडून राहिली. जो एकदा नाक्यावर गेला तो उद्याही जाईल, असं भागोजीने वाड्यात पसरवलं होतं. भागोजीला एवढी भीती कसली, हे तुळशीरामला आता कळायला लागलं होतं. पण ते तो कोणाजवळ बोलणार? सोनूबाईसुद्धा त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

पाचव्या दिवशी सकाळी तो एकटाच होडी पाण्यात ढकलत होता. होडी हलेना. एवढ्यात मागून कोणीतरी खांदा लावला. वळून बघतो तर धोतर वर खोचून दिनानाथ.

"तुमी कशाला, मास्तर?"

"ढकला."

होडी तरंगली आणि दिनानाथ धडपडत आत चढला. त्याला वल्हं धरता येत नव्हतं. दोनदा पाणी तोंडावर उडालं, चष्मा खारट झाला. तुळशीराम त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिला. या माणसाच्या मनात काय असेल? खोल पाण्यात नेऊन काही विचारायचं असेल का? शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"राग न्हाय आला तुमाला?"

"आला. अजून आहे."

"मग?"

"नलू म्हणाली, ओळखीची होडी चार दिवस दिसत नाही. जा, ती पाण्यात घाला."

तुळशीरामने पुढे होऊन दिनानाथचे दोन्ही हात वल्ह्यावर नीट बसवले, खालचा जरा पुढे, वरचा मागे, आणि म्हणाला, "असं धरा. कमरेतून वढा, खांद्यातनं नको."