मी जळले नव्हते

मी फ्लॅश मेमरीची चिप बोलतेय. नखाएवढी, आठ पायांची. वीज गेली तरी एकदा ऐकलेलं विसरत नाही, हा माझा गुण. तो सगळ्यांना सोयीचा असतोच असं नाही.

२००५ साली मी चंदीगडच्या मनीमाजऱ्यात पोचले. बाजारातल्या गाद्यांच्या दुकानावर पद्मजा मॅडमचं दोन खोल्यांचं वर्कशॉप होतं. मॅडम साताऱ्याच्या, नवरा हवाई दलात, म्हणून मुक्काम चंदीगडला. लहान मुलांना ऐकू येतं का हे तपासायचं यंत्र त्या बनवत होत्या. त्यातले आवाज मी सांभाळायचे होते. कुत्र्याचं भुंकणं, सायकलची घंटी आणि खुद्द मॅडमच्या कुकरची शिट्टी.

मला बोर्डावर बसवलं सुरेशजींनी. पंधरा वर्षं सोल्डरिंग करणारा माणूस. पायांना टाका घालताना "बस बेटा, हो गया" असं पुटपुटायचे. मला चटकासुद्धा बसला नाही.

मग मॅडमनी कॉम्प्युटरची केबल जोडली. माझ्याशी सरळ बोलायची सोय नव्हती. मध्ये मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आमचे साहेब. येईल तो निरोप त्यांच्यामार्फत. मी कान टवकारून बसले, पण एक अक्षर आलं नाही. पडद्यावर उमटलं, मेमरी सापडत नाही.

"सुरेशजी, चिप जल गई. दूसरी लगाइए."

मला उपटून फिल्मरोलच्या रिकाम्या डबीत टाकलं. पाठोपाठ दुसरी आली. बोर्डावरची तिसरीही गप्पच होती. मॅडमनी डबीवर मराठीत चिठ्ठी चिकटवली, 'सुरेशने जाळलेल्या'. यांना कुठे मराठी कळतंय, असं वाटलं असावं. पण लिपी तीच, आणि नाव चांगलं ठळक. सुरेशजींनी शाळेतून आलेल्या अवनीला, मॅडमच्या मुलीला, हळूच अर्थ विचारला. पोरीने भाबडेपणाने हिंदीत सांगूनही टाकला. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "सोमवार को अस्पताल में मशीन दिखानी है. सोल्डरिंग किसी और से करवा लूँ?"

सुरेशजींनी डबी उघडली, नेमकं मला उचललं आणि महिन्यापूर्वीच्या जुन्या बोर्डावर बसवलं.

"अब पूछो जी इससे."

केबल जोडली. तिथल्या साहेबांनी निरोप आत सोडला, नाव काय? मी एका दमात नाव-गाव सांगून टाकलं.

मॅडमनी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले. चिप तीच, हात तेच. मग फरक कुठे? त्यांनी स्वतःच्याच कामाची यादी काढली. गेल्या वर्षी त्यांच्या एका यंत्राची कोणीतरी हुबेहूब नक्कल बाजारात आणली होती. तेव्हापासून मॅडम घराचं कुलूपही तीनदा ओढून बघायच्या. म्हणून नव्या बोर्डाच्या यादीत पहिलंच काम होतं मायक्रोकंट्रोलरची सुरक्षा चालू करणे, म्हणजे बाहेरच्या कोणाला आतलं वाचता येऊ नये, आणि मेमरी भरणे त्यानंतर. जुन्या बोर्डावर ही सुरक्षा नव्हतीच. साहेबांनी हुकूम पाळला. दार लावलं, ते खुद्द मॅडमलाही उघडेना. आम्ही तिघी आत ताटकळलो आणि बोल लागला सुरेशजींना.

साहेबांना पूर्ण पुसलं तेव्हा कुठे कुलूप निघालं. मग आधी मेमरी भरली, सुरक्षा शेवटी. ती गप्प तिसरीही घडाघडा बोलू लागली.

"गलती मेरी थी, सुरेशजी," म्हणत मॅडम डबीवरची चिठ्ठी खरवडायला लागल्या.

"रहने दो जी. बस नाम ठीक कर दो."

म्हणजे यांनी वाचलं होतं. मॅडमचे कान लाल झाले. त्यांनी पेन घेतलं, जुने शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'पद्मजाने कोंडलेल्या'. या वेळी अर्थ त्यांनी स्वतः हिंदीत सांगितला.

मी त्या जुन्या बोर्डासकट आता इस्पितळात आहे. कुकरची शिट्टी वाजवते. एखादं पोर मान वळवतं आणि त्याच्या आईचा जीव भांड्यात पडतो. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, कोणी गप्प असेल तर लगेच उपटू नका. मध्ये दार कोणी लावलंय ते आधी बघा.

डबी अजून वर्कशॉपच्या फळीवर आहे म्हणे. सुरेशजी तिच्यात स्क्रू ठेवतात. चिठ्ठी मॅडमनी काढू दिलेली नाही.