लेव्हलची अंगाई

डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ठकीनं रडून गोंधळ घातला होता. लस टोचायला आमच्या आधी अजून चार मुलं होती. तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीत डायपरची जाहिरात लागली आणि लेक गप्प झाली. मान वळवून पाहायला लागली. मीही पाहिलं.

शब्द डायपरचे होते. चाल माझी होती. ठकी पोटात असल्यापासून मी तिला गात आलेली, कुठंही न लिहिलेली. आवाज मात्र माझा नव्हता. माझ्यापेक्षा गोड होता. तिसऱ्या ओळीच्या मध्येच ती बाई थबकली, बारीकसं ‘हं’ म्हणाली आणि पुढे गेली.

“कशी टकामका बघतेय,” शेजारच्या आजी म्हणाल्या. “ओळखीचं दिसतंय गाणं.”

“हो,” मी म्हटलं.

मी कोरसमध्ये गाते. रेकॉर्डिंगच्या आधी माईकची लेव्हल, म्हणजे आवाज किती येतोय ते, बघतात, तेव्हा काहीतरी गावं लागतं. बाकीच्या बायका एक-दोन-तीन म्हणतात, नाहीतर भाजीची यादी वाचतात. मी हीच अंगाई गायचे. लेव्हल जुळली की तो तुकडा पुसून टाकतात, असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.

ठकीला आईकडे सोपवून स्टुडिओ गाठला. मालकांनी न मागता चहा सांगितला, तेव्हाच ओळखलं.

“एका कंपनीला मशीनला गाणं शिकवायचं होतं,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकांची गाणी नाही दिली हां. त्यांचे करार आहेत, आम्ही नियमात राहणारी माणसं. फक्त लेव्हलचे तुकडे दिले. ते कुणाचेच नव्हते.”

“माझे होते.”

“कागद आहे? नोंदणी? रेकॉर्डिंग आमचं, ताई. आणि ती चाल मशीननं बनवली, हजार गळे ऐकून.”

“मग मध्येच ती थबकते कशाला?”

“तो नखरा होय? जाहिरातवाल्यांना तोच तर आवडला.”

चहा तसाच ठेवून मी उठले. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टनं हाताने बोलावलं. आठ वर्षांची ओळख, पण आज माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं माझ्या कानावर हेडफोन चढवला.

माझाच आवाज. पहिली ओळ, दुसरी. तिसरीत मी थबकले, ‘हं’ केलं. मग त्याचा आवाज: “काय झालं, ताई?” आणि माझं हसणं: “लाथ मारली कार्टीनं. चला, परत घेऊ.”

ठकीनं मारलेली लाथ त्या मशीननं नखरा म्हणून पाठ केली होती.

“तारीख आहे यावर,” तो म्हणाला. “बाळाच्या जन्माआधीची. दादा आहे ना मी तुमचा, मग घेऊन जा.” पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. “कुणी दिलं विचारलं तर माझं नाव सांगा. पुसायचा आळस माझाच.”

“नोकरी जाईल, दादा.”

“बघू.”

घरी आले. ठकी पेंगुळली होती. मांडीवर घेऊन गायला लागले. ती जन्मल्यापासून मी तिसरी ओळ सरळच गाते. आता आतून लाथ कोण मारणार? आजही सरळ गेले. तिनं डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कशाची तरी वाट बघत.

“अगं, मध्ये थांबायचं असतं तिथं,” आई आतून म्हणाली. “टीव्हीवर थांबते ती. तू कामावर असतेस तेव्हा दिवसातून दहादा लागते ती जाहिरात. पोर गप्प बसते, म्हणून मी आवाज मोठा करते.”

गाणं माझ्या ओठांवरच राहिलं. ठकी अजून बघत होती. थांबले असते तर त्या बाईची नक्कल झाली असती, आणि न थांबावं तर माझ्याच लेकीच्या लेखी माझं गाणं चुकत होतं.

“आई, टीव्ही बंद कर,” मी म्हटलं. मग ठकीला खांद्यावर टाकून, एका हातानं फोनवर एखाद्या वकिलाचा नंबर शोधायला लागले.