महालक्ष्म्यांची आंघोळ

सत्यभामाबाईंच्या स्वयंपाकघरात खायचं कोणतं आणि घासायचं कोणतं, हे विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये. एकाच फळीवर सगळ्या बरण्या. पापडखार पापडाला लागतो तसा तेलकट कढयांनाही लागतो. आंबट ताक तांब्याच्या कळशीसाठी राखलेलं, रिठ्याचं पाणी ठेवणीतल्या लुगड्यांसाठी, आणि वाळलेल्या लिंबाच्या साली मीठ टाकून उकळल्या की ते पाणी फरशीला. पिंपळगाव राजातल्या कितीतरी बायका भांडं काळं पडलं की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत. टीव्हीवर निळ्या-हिरव्या बाटल्यांची जाहिरात लागली की बाईंचं डोकं फिरायचं. सून प्रेरणानं एकदा हौसेनं तसली बाटली आणली होती, ती बाईंनी संडासाच्या बाहेर येऊ दिली नाही.

आता हे सगळं चालायचं अंदाजावर. चिंच किती, मीठ किती, कोणी विचारलं तर बाई हसायच्या. मोजायचं कशाला, डोळे दिलेत ना देवानं, असं म्हणायच्या. पितळेवरचा काळा ओघळ निघाला, पिवळं दिसलं, की हात थांबवायचा. पण गेल्या दोन वर्षांत तेच दिसेनासं झालं होतं. आधी उजव्या डोळ्यापुढं धुकं आलं, मग डाव्याही. मोतीबिंदू आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. अर्जुनरावांच्या पोटात काही राहत नाही, गावभर झालं असतं.

लपवायचं कारण एकच, महालक्ष्म्या. भाद्रपदात त्यांच्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात, सासूच्या सासूपासूनचे पितळी मुखवटे आहेत. घराण्याची रीत अशी की आवाहनाच्या सकाळी थोरल्या बाईनं दार लावून एकटीनं मुखवट्यांना आंघोळ घालायची, नव्या खणात बांधून ठेवायचं, आणि संध्याकाळी सगळ्या भाऊकीसमोर त्यांना उभं केलं की तिनंच खण सोडायचा. तोवर कोणी पाहायचं नाही. आंघोळ जिच्या हातची, महालक्ष्म्या तिच्या घरी. धाकटी जाऊ जयमाला मलकापूरला राहते, मोठा हॉल आहे, फरशी चकाचक आहे. ती दरवर्षी म्हणायची, "ताई, तुमच्यानं होत नसंल तं सांगजा. आम्ही नेऊ मलकापूरले." भांडून म्हणाली असती तर बाईंनी दोन द्यायला कमी केलं नसतं. ती मायेनं म्हणायची, तिथंच पंचाईत होती.

म्हणून आज सकाळीही बाईंनी दार लावलं, परात पुढं ओढली आणि चिंचेचा कोळ केला. त्यात मीठ टाकलं, रांगोळी टाकली. पितळ पिवळं झालं की नाही हे कळत नव्हतं, आणि काळ्या तोंडाची देवी भाऊकीपुढं उभी करण्यापेक्षा जास्त घासलेली बरी, असा त्यांचा हिशेब. गेल्या वर्षीपासून त्या लिंबूसत्त्वही टाकायला लागल्या होत्या. आज चमचा बरणीत घातला आणि नेहमीपेक्षा जास्तच पडलं. पडलं तर पडलं. मुखवटे भिजत ठेवले, मग बोटांनी चोळत राहिल्या, पितळ बोटाखाली करकरेपर्यंत. पुसले, खणात बांधले, चौरंगावर ठेवले.

परातीतलं पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतताना तळहाताला काहीतरी चिकटलं. बारीक पापुद्रे होते, दोन-चार.

चिंचेची साल असेल, बाई मनाशी म्हणाल्या. हात उन्हाकडं केला, नाकाला लागेपर्यंत जवळ धरला. नुसते ठिपके दिसले. मुखवट्यांचे डोळे रंगानं काढलेले होते, पांढऱ्यावर काळी बुबुळं. हा रंग तर नसेल? त्यांनी एक पापुद्रा जिभेवर ठेवला. साल असेल तर आंबट लागेल. लागला आंबट. मग लक्षात आलं की चिंचेच्या पाण्यात इतका वेळ पडलेला दगडसुद्धा आंबटच लागला असता. त्या थुंकल्या आणि स्वतःवरच चरफडल्या.

तिथून बाईंचं चित्त उडालं ते उडालंच. नैवेद्याच्या भाजीला फोडणी दिली आणि मीठ दोनदा घातलं. पीठ मळायला घेतलं, अर्ध्यात उठल्या. चौरंगापाशी गेल्या, खणावरून बोटं फिरवली. नाक लागलं, हनुवटी लागली, पण रंग काही कापडाआडून हाताला लागतो का? गाठ सोडून पाहावी असं मनात आलं. पण सोडून करणार काय, दिसायचं तर नव्हतंच. त्या पुन्हा चुलीपाशी आल्या, पुन्हा उठल्या.

"का वं, पायाले भवरा लागला काय?" अर्जुनरावांनी पेपराआडून विचारलं.

"तुम्ही पेपर वाचा," बाई म्हणाल्या. त्यांना खरं तर नवऱ्याच्या गळ्यात पडून सांगावंसं वाटत होतं. डोळे नसलेली देवी त्यांना समोर दिसत होती. तिच्यासमोर जयमाला, पुतणे, शेजारच्या बाया, आणि खण धरलेला स्वतःचा हात. कोणी काही बोलणार नाही. जयमाला हलकेच जवळ येईल, पाठीवर हात ठेवेल, आणि पुढच्या वर्षी हा चौरंग रिकामा राहील. त्यांना इतकी भीती बाळंतपणातही वाटली नव्हती.

दुपार कलली तसा मुलाचा, अविनाशचा फोन आला. काकूची गाडी मलकापुरातून निघाली. म्हणजे तासाभरात दारात.

बाई देवघराच्या खोलीत गेल्या, बाहेर आल्या, परत आत गेल्या. मग दारातूनच हाक मारली, "प्रेरणा, इकडं ये. दार लाव."

प्रेरणा पदराला हात पुसत आली. लोणारकडची पोरगी, चार वर्षं झाली येऊन, अजून मले-तुलेऐवजी मला-तुला म्हणायची. बाईंनी चौरंगाकडं बोट दाखवलं.

"गाठ सोड."

"आई, आत्ता? संध्याकाळी तुम्हीच..."

"सोड म्हणतो ना. अन् मले सांग, डोळे हायेत का त्याईचे."

बोलून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपण सगळंच सांगून बसलो. डोळे आहेत की नाहीत हे दिसणारा माणूस दुसऱ्याला विचारत नाही. त्यांनी मान खाली घातली. खणाची गाठ सुटल्याचा आवाज आला.

"थोरलीचा एक राहिलाय अर्धा," प्रेरणा म्हणाली. "धाकटीचे दोन्ही गेले."

बाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माह्या हातानं केलं मी. सगळं माह्या हातानं."

"आई, रडू नका. मी आणते."

"काय आणतं?"

प्रेरणा परत आली ती दोन छोट्या बाटल्या घेऊन. एक पांढरी, एक काळी. झाकण उघडलं तसा बाईंच्या नाकात उग्र वास शिरला. हा वास त्या ओळखत होत्या. सून लग्नाकार्याला जायची तेव्हा खोलीतून यायचा, आणि त्या नाक मुरडायच्या.

"हे तं नखाले लावाचं हाये."

"हो. लवकर वाळतं." प्रेरणानं बाटली हलवून घेतली. "मागच्या वर्षीही हेच लावलं होतं."

"मागच्या वर्षी?"

"तुम्ही बांधून ठेवलं ना, तेव्हा खणाला काळं लागलेलं दिसलं मला. राहवलं नाही, सोडून पाहिलं. जुना रंग सगळा निघाला होता. मग मीच काढले डोळे आणि होतं तसं बांधून ठेवलं. आज निघाले ते तेच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

सत्यभामाबाईंनी मनाशी हिशेब केला. वर्षभर. वर्षभर ही पोरगी त्यांच्या हातात सुई ओवून देत होती, तांदूळ आधीच निवडून ठेवत होती, अंधारात पायरी आली की उगीच काहीतरी बोलत पुढं चालायची. आणि त्या तिच्या बाटल्यांना नावं ठेवत होत्या. रीत मोडली म्हणून रागवावं, की पाया पडावं, हेच त्यांना उमगेना. लाज वाटली, आणि छातीवरचं ओझंही उतरलं, दोन्ही एकदमच.

"गेल्या साली मी हात जोडले," त्या शेवटी म्हणाल्या, "तं मले दोन पिवळे गोळे दिसले. देवी माह्याकडं पाहून राह्यली का नाई, तेबी कळलं नाई. दोन वर्साचं असंच चाललं." त्यांनी डोळे पुसले. "मोठे काढ यंदा."

"किती मोठे?"

"मले दिसतीन इतले."

प्रेरणानं थोरलीला मांडीवर घेतलं. बाईंनी धाकटीला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, हलू नये म्हणून. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटचं बुबुळ ओलंच होतं आणि दोघी मिळून त्यावर फुंकर घालत होत्या.

संध्याकाळी भरल्या घरात बाईंनी खण सोडला. आरतीला उभ्या असलेल्या बाया जवळ सरकल्या. जयमालानं मान तिरकी केली.

"ताई, डोळे यंदा लय मोठे दिसून राह्यले."

प्रेरणानं हातातलं ताट खाली ठेवलं. सत्यभामाबाई मुखवट्यांकडंच पाहत होत्या. धुकं होतंच, पण त्या धुक्यातून चार काळी बुबुळं सरळ त्यांच्याकडं बघत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "मले बारके दिसत नाई आता. प्रेरणानं काढले. पुढल्या वर्सापासून आंघोळबी तेच घालंल, इथंच." आणि सगळ्यांसमोर त्यांनी सुनेचा हात चाचपडत शोधला आणि धरला.