मॅडमचं गाऱ्हाणं

मारिट मॅडम सोमवारी राजीनामा देणार, ही बातमी ऑफिसातल्या शुभंकरने मला चहाच्या सुट्टीत दिली आणि माझं टाळकंच सटकलं. शनिवारी हंगामाचा पहिला आंबा मशीनवर चढायचा, आणि ही बाय निघाली हॉलंडला! नवं मशीन तिच्या देशातलं, तिच्याशिवाय ते कुणाला धड कळत नाही. पण खरं सांगू? मशीन गेलं खड्ड्यात. मला ती बाईच आवडायची.

"अरे पण झालं काय?" मी विचारलं.

"मालनताई, ती म्हणते, इथे तिच्याशी कुणी खरं बोलत नाही. सगळ्याजणी हो म्हणतात आणि करत कुणीच नाही. तिच्या मते ती कुणालाच नकोय."

आता घ्या! हातखंब्याजवळच्या या आंबारसाच्या कारखान्यात मी आंबे कापणाऱ्या बायकांची मुकादम. माझ्या तोंडाला भलेभले टरकतात. पण मॅडम पडली पाहुणी, त्यात साहेब. तिच्या तोंडावर नाय कसं म्हणायचं? बरं दिसतं काय ते? ती म्हणाली, हातमोजे घाला. आम्ही म्हटलं, हो मॅडम. ती म्हणाली, रविवारी जादा काम करू. हो मॅडम! रविवारी गंगुबाईच्या मुलीची हळद, इकडे कोण फिरकतंय? आपल्याकडे कुणालाही कळलं असतं की हा "हो" म्हणजे नुसता मान ठेवण्यापुरता आहे. हिला कळेल तर शपथ.

शिमग्यात तर कहरच झाला. तिने सगळ्यांना वाढदिवसाला घरी बोलावलं. आम्ही अगदी हसून हसून "हो, हो" म्हटलं. नेमकी त्याच दिवशी वाडीत देवाची पालखी. पालखी दारात आणि घरातली बाई वाढदिवसाला गेलेली, असं कधी झालंय? तिने म्हणे गोड घावनांसारखं काहीतरी करून चळत रचून ठेवली होती, आणि मग दोन दिवस एकटीच तेच खात बसली. हे मला शुभंकरने सांगितलं.

शनिवारी मशीनसमोर नारळ-विडा ठेवला आणि बॉयलरवरच्या दादूने गाऱ्हाणं घातलं. गावातही तोच घालतो. तो देवाला मोठ्याने एकेक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक गोष्टीला सगळ्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचं. तिथे मागेपुढे बघायचं नसतं, म्हणायचंच. दादूने मशीनचं सांगितलं, मालाचं सांगितलं, आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाला देवाला काय सांगायचंय?"

शुभंकर मॅडमच्या कानात सगळं इंग्रजीत सांगत होता. तिने हात वर केला. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. ती इंग्रजीत बोलू लागली आणि शुभंकर मराठीत सांगू लागला.

"बा महाराजा, या बायका हातमोजे घालतो म्हणतात, आणि माझी पाठ वळली की काढून खिशात घालतात."

आली का पंचाईत! "व्हय महाराजा!"

"रविवारी येतो म्हणाल्या, एकसुद्धा आली नाही."

"व्हय महाराजा!"

"मालन माझ्यासमोर गोड हसते आणि मागून मला शिव्या घालते."

"व्हय महाराजा!" मेल्यांनी अख्खा पत्रा हादरवला. मीही म्हटलं. देवासमोर खोटं कसं बोलू?

"वाढदिवसाला मी सगळ्यांसाठी रांधलं, कुणी आलं नाही."

"व्हय महाराजा..." या वेळी पत्रा काही हादरला नाही. गंगुबाई पदराने नाक पुसत होती.

मग मॅडम हळू काहीतरी बोलली. शुभंकरने सांगितलं, "महाराजा, यांना मी नको आहे. मला माझ्या घरी पाठव."

दादू नारळ हातात घेऊन आमच्याकडे बघतोय, डोळ्यांनी खुणावतोय, म्हणा गो म्हणा. कुणी तोंड उघडेना. मग मला राहवेना.

"नाय महाराजा!" मी ओरडले.

"नाय महाराजा!" सगळ्या बायका एका दमात ओरडल्या. पुन्हा ओरडल्या.

दादू खवळला. "अगो, गाऱ्हाण्याला नाय म्हणतात काय? जन्मात ऐकलं नाय असलं!"

"गप रे दादू," मी म्हटलं. "नाय म्हणजे नाय. सांग तुझ्या देवाला."

मॅडम गोंधळून शुभंकरकडे वळली. "काय म्हणाल्या त्या?"

"नाही म्हणाल्या, मॅडम. तुम्ही जायचं नाही."

ती तिथल्या एका रिकाम्या क्रेटवर मटकन बसली. हसत होती की रडत होती कळेना, दोन्ही एकदमच चाललं होतं. मग माझा हात घट्ट धरून ती काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी शुभंकरला विचारलं.

"म्हणते, इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला नाही म्हणालं."