कव्हरवरचा माणूस

माझ्या बापाचा आवाज मला तोंडपाठ आहे, असं मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आलो.

बाप, हार्लन टिडमोर, केल्सो गॅप क्वार्टेटमध्ये खर्ज गायचा. चार गाणारे, एक पियानोवाला, आणि दर शनिवारी सँड माउंटनवरचं एखादं चर्च. मी चार वर्षांचा होतो तेव्हा लाकडाच्या ट्रकखाली सापडून तो गेला. मागे राहिली एक रेकॉर्ड. कव्हरवर निळ्या कोटातले चौघे, उजवीकडचा माझा बाप, चापूनचोपून भांग पाडलेला. लहानपणी मी स्पीकरच्या जाळीला कान लावून तो खर्ज ऐकत झोपायचो. रेकॉर्ड लागली की आई उठून स्वयंपाकघरात जायची. तिला सोसवत नसेल, असं मी धरून चाललो होतो.

पंचाहत्तरच्या जुलैत ती रेकॉर्ड गाडीच्या मागच्या काचेपाशी राहिली आणि उन्हाने पापडासारखी वाकली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि ती तिथे ठेवणाराही मीच होतो. तेव्हापासून मी तिची दुसरी प्रत शोधतोय. शोधता शोधता बाकीच्या क्वार्टेटांच्या अकराशे रेकॉर्डी घरात आल्या. बायको त्यांना माझी चांडाळचौकडी म्हणते. प्रत्येक रेकॉर्ड मी थोडी ऐकतो आणि वहीत तिच्याबद्दल एक ओळ लिहितो. केल्सो गॅपचीच एक नंतरची रेकॉर्ड मात्र उठसूट हाती लागायची. तिच्या कव्हरवर बापाच्या जागी आलेला टकल्या गार्व्हिस पेंडली. तिच्याबद्दल वहीत लिहिलंय, ‘खर्ज खरखरीत. ओळीच्या मध्येच श्वास घेतो. बापाच्या नखाची सर नाही.’ अशा टाकाऊ रेकॉर्डी मी आईला देऊन टाकायचो. ती त्या ओव्हनमध्ये उलट्या भांड्यावर ठेवून मऊ करायची आणि त्यांचे वाडगे करायची. मेच्या दुसऱ्या रविवारी डेकोरेशन असतं, म्हणजे आपापल्या माणसांच्या कबरी सजवायचा दिवस, तेव्हा कबरींवर फुलं ठेवायला ते बरे पडतात. मधल्या भोकातून पावसाचं पाणीही निघून जातं.

या वर्षी एप्रिलमध्ये आयडरच्या एका चर्चच्या आवारातल्या जुन्या सामानात बापाची ती रेकॉर्ड मला सापडली. नाव तेच, गाणी तीच. पण कव्हरवर उजवीकडे माझा बाप नव्हता. तिथे एक हडकुळा, मोठ्या कानांचा माणूस उभा होता. बाकीचे तिघे तेच.

कुणीतरी चुकीच्या कव्हरात घातली असेल, म्हणून मी ती घरी नेऊन लावली. पहिल्याच गाण्यात खर्ज आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. बापच तो. मग कव्हरवर हा कोण? बापाची ती वाकलेली रेकॉर्ड मी भिंतीवर टांगून ठेवली होती, ती उतरवली. रेकॉर्डीच्या मधल्या कागदाजवळ, जिथे गाणी संपतात, तिथे कारखान्यात हाताने एक आकडा कोरलेला असतो. दोन्हींवर आकडा एकच, सातचं शेपूटही सारखंच लांब. म्हणजे रेकॉर्ड एक आणि माणसं दोन. आठवडाभर माझं डोकं चालेना. बायको म्हणाली, मोठ्या कानांच्या माणसाने तुझ्या बापाचा आवाज चोरला असेल. मला हसू आलं नाही.

आईचं हृदय आता थकलंय. हे डेकोरेशन बहुधा तिचं शेवटचं, असं डॉक्टर आडून आडून सुचवतात. बॅटरीवरचा प्लेअर कबरस्तानात न्यायचा आणि तिला बापाचा आवाज ऐकवायचा, असं मी ठरवून बसलो होतो. जिने त्या खर्जाशेजारी जेमतेम सहाच वर्षं काढली, तिला निदान एवढं द्यावं. आणि गाडीत रेकॉर्ड विसरल्याबद्दल एकदा समोरासमोर माफी मागावी. पण त्याआधी मोठ्या कानांचा गुंता सुटायला हवा होता. त्या पाचांपैकी आता एकच जिवंत आहे, पियानोवाले ब्रदर डॉइस हॅमब्राइट. डेकोरेशनच्या आदल्या सकाळी मी दोन्ही कव्हरं घेऊन त्यांच्याकडे गेलो.

ओसरीवरच्या खुर्चीत बसून ते वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. कव्हरं पाहून पोट धरून हसले. मोठ्या कानांचा म्हणजे एल्झी क्रॉफ्ट. तो एकसष्टच्या उन्हाळ्यात क्वार्टेट सोडून चॅटनूगाला गवंडीकामाला गेला आणि त्याच्या जागी माझा बाप आला.

“मग गाणारा कोण?” मी विचारलं.

“एल्झी. अरे, फोटो बदलायचा, गाणं कोण बदलतंय? रेकॉर्डिंगला नॅशव्हिलला जायचं म्हणजे वर्षाची कमाई घालवायची. माणूस गेला की नव्याला उभा करायचा, फोटो काढायचा, उरलेल्या रेकॉर्डी नव्या कव्हरात घालायच्या. विकायला टेबलामागे जो उभा, तोच कव्हरवर हवा. नाहीतर म्हाताऱ्या विचारतात, हा कोण?”

 ज्याच्या आवाजासाठी जाळीला कान लावून मी मोठा झालो तो चॅटनूगाचा एक गवंडी होता. राग कुणावर काढायचा हेही कळेना.

“म्हणजे माझा बाप कधी गायलाच नाही?”

“वेड्यासारखं बोलू नकोस. सहासष्टच्या नाताळाआधी गायला की. अख्खी रेकॉर्ड गायला.” ब्रदर डॉइस आता हसत नव्हते. “रेकॉर्डी यायच्या आत हार्लन गेला. आम्ही गार्व्हिसला घेतलं आणि कव्हरवर त्याचा फोटो टाकला. तुझ्या आईला एक नेऊन दिली, तर तो टकला बघून, हार्लनचं गाणं पुसून आम्ही त्याच्याकडून गाऊन घेतलं असं समजून, तिने तोंडावर दार लावलं. परत जायची माझी छाती झाली नाही. टेबलावर आम्ही सांगायचो की गार्व्हिसच गायलाय. दोन वर्षं दर शनिवारी, चर्चच्या दारात, खोटं बोललो मी.”

त्यांच्याकडे एकही उरली नव्हती. पाचशे काढल्या होत्या म्हणे, कुठेतरी असेलच. घरी येऊन मी अकराशेच्या अकराशे उपसल्या. गार्व्हिस एकाही कव्हरावर नव्हता. असणार कसा? जेवढ्या आल्या तेवढ्या मीच माझ्या हाताने ओव्हनसाठी पोचवल्या होत्या.

रविवारी टेकडीवर नेहमीसारखी गर्दी होती. लांब टेबलांवर तळलेली कोंबडी, अंडी, केळ्याचं पुडिंग. आईला दंडाला धरून मी बापाच्या कबरीपाशी नेलं. तिथे काळा वाडगा होता, कडा फुलासारख्या वळलेल्या. तिने त्यात पिवळी फुलं ठेवली. मी खाली वाकलो तर तळाला लेबल अजून शाबूत होतं. केल्सो गॅप क्वार्टेट. सहासष्ट सालची. बाप गायलेली.

“ती गाण्याची पेटी आणणार होतास ना?” आईने विचारलं.

“बिघडली,” मी म्हणालो. प्लेअर गाडीतच होता.

“बरं झालं. नाहीतरी तो आवाज एल्झीचा.”

 तुला माहीत होतं, असं विचारलं तर ती वैतागली.

“नवऱ्याचा आवाज बाईला कळत नाही होय रे?”

“मग मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“जाळीला कान लावून झोपायचास. काय सांगणार होते मी तुला? हा तुझा बाप नाही, ऊठ?”

 वाडग्यात काय आहे ते सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण तो तिने तिच्या ओव्हनमध्ये, तिच्या हाताने वळवला होता, आणि आता तिचा तोच हात फुलं नीट करत होता.  पाचशेंतली एक सापडली तर ऐकवीन, नाही सापडली तर हे माझ्यापाशीच राहील.

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, “त्याचा खरा आवाज तर तुला आठवत पण नसेल.”

वहीतली ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. जेमतेम अर्धं मिनिट ऐकून सुई उचलली होती मी.

“आठवतो,” मी म्हणालो. “जरा खरखरीत होता. आणि ओळीच्या मध्येच श्वास घ्यायचा.”

आईचा हात फुलांवरच थांबला.

“मध्येच घ्यायचा,” ती म्हणाली. “सगळे त्याला बोलायचे त्यावरून.” मग माझा चेहरा तिने दोन्ही हातांत धरला. “चारच वर्षांचा होतास रे तू. कसं लक्षात ठेवलंस?”