पालकाने भरायचं पान

चिमटा निळा होता, एका बाजूने उन्हाने पांढरा पडलेला, आणि त्याची तार गंजली होती. पांडूने पडद्याच्या दोन्ही कडा एकत्र धरून तो लावला तेव्हा तो नेहमीसारखाच जरा वाकडा बसला. खोलीत सहा खाटा, तीन खाली, तीन वर, आणि प्रत्येक खाटेला पडदा. पडदे काही कंपनीने दिले नव्हते, ज्याने त्याने दम्मामहून कापड आणून दोरीवर टांगले होते. चिमट्याचा नियम कोणी केला ते आता कोणालाच आठवत नव्हतं. पडदा नुसता ओढलेला असला तर हाक मारायची. चिमटा लावलेला असला तर माणूस खोलीतच नाही असं समजायचं. मग आत तो झोपलेला असो, घरी बोलत असो, नाहीतर... सिराजुद्दीनची आई गेली तेव्हा त्याचा चिमटा दोन दिवस निघाला नव्हता. पाचही जणांनी त्याचं ताट झाकून ठेवलं होतं आणि एका शब्दाने त्याला विचारलं नव्हतं.

आज शुक्रवार, सुट्टी. सिराजुद्दीन नमाजाला गेलेला, बाकीचे चौघे बाजारात. पांडूच्या मांडीवर डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं आणि त्यावर एक कागद. काल कॅम्पच्या ऑफिसात हातापाया पडून प्रिंट काढून घेतला होता. स्वप्नालीचा, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक मुलीचा, इंजिनीअरिंगला पुण्याच्या एका विद्यापीठात नंबर लागला होता, आणि तिथे म्हणे ऑनर्स म्हणून एक प्रकार असतो. साऱ्या मुलांतून चाळीस निवडायची, त्यांनी चार वर्षं वेगळ्या इमारतीत एकत्र राहायचं, एका खोलीत दोघांनी, आणि नेहमीच्यापेक्षा अवघड शिकायचं. पोरगी दोन महिने त्या एकाच गोष्टीमागे लागली होती. मार्क गेले, निबंध गेला, सरांचं पत्र गेलं. राहिलं होतं पालकांचं पान. आपलं मूल सोबत राहायला कसं आहे ते आपल्या भाषेत, आपल्या हाताने लिहायचं, आणि आज पाच वाजायच्या आत पोचवायचं. म्हणजे इथल्या अडीचच्या आत. ते नाही तर अर्जच धरणार नाहीत.

वनिताने, त्याच्या बायकोने, ते सहज लिहिलं असतं. पण स्वप्नाली फोनवर म्हणाली होती, "आई सगळं चांगलंच लिहील. तुम्ही इतकी वर्षं रूममध्ये राहताय ना बाबा, तुम्हाला कळेल ते काय विचारतायत ते."

छाती जरा फुगली होती हे कबूल केलं पाहिजे. अठरा वर्षं! ती पाळण्यात होती तेव्हा तो इकडे सौदीत आला. आधी जुबैल, मग हे रास अल खैर, समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना. पांडू पाइपफिटर, आणि त्याच्या कानाची ख्याती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपावर टेकवून मूठ कानाला लावायची, की कुठला व्हॉल्व्ह आतल्या आत गळतोय ते तो सांगतो. नवे इंजिनीअर मीटर घेऊन येतात आणि शेवटी पांडूला बोलावतात. असा माणूस, सहा जणांच्या खोलीत अर्धं आयुष्य काढलेला – त्याला एक पान भरता येऊ नये?

पहिले पाच प्रश्न त्याने धडाधड भरले. झोपते केव्हा, उठते केव्हा? रात्री दहाला झोपते, पहाटे उठते. काय खात नाही? वांगं. गाणी मोठ्याने लावते का? अजिबात नाही, घरात असून नसल्यासारखी असते. अक्षर चांगलं आलं होतं. खात्री म्हणून, खरं तर जरा मिरवायला म्हणून, त्याने वनिताला फोन लावला आणि वाचून दाखवलं. पलीकडे फोडणीचा आवाज होता.

वनिता हसली. म्हणाली, "वांगं ती केव्हाची खाते. तुम्ही आलात की मीच करत नाही, तुम्ही म्हणता ना तिला आवडत नाही."

आणि दहाला? दहाला कसली झोपते, दोन-दोन वाजेपर्यंत दिवा असतो तिचा. गाणी तर काय विचारू नका, शेजारीण येऊन सांगून जाते. तुम्ही आलात की मी तिला बजावते, चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे, बाबांची झोपमोड नको. ती हे सगळं सरळपणे सांगत होती, त्यात टोमणा नव्हता, उलट आपण किती जपतो ते तिला सांगायचं होतं. लिहा तुम्हाला वाटेल ते, कोण बघायला येतंय, म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून तिने फोन ठेवला.

त्याने तिन्ही उत्तरं खोडली. म्हणजे चाळीस दिवस घरात एक वेगळीच मुलगी राहायची, त्याच्यासाठी म्हणून काढून ठेवलेली, पाहुण्यांच्या कपबश्या काढतात तशी. त्याला राग यायला हवा होता, पण राग कोणावर? वरच्या बाजूला बारीक अक्षरात त्याने नवी उत्तरं लिहिली. वनिताची.

आणि मग सहाव्या प्रश्नाशी घोडं अडलं. आपला पाल्य दुःखी असताना काय करतो? सोबत राहणाऱ्याने ते कसं ओळखावं?

हे त्याला सिराजुद्दीनबद्दल झोपेत विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीने लागलेल्या दिसल्या की समजायचं, आज सिराजचं बिनसलंय. दुपारपर्यंत चिमटा लागणार. वरच्या खाटेवरचा जलाल बिनसलं की जास्त बोलतो. पाचही जणांचं त्याला पाठ होतं. स्वप्नालीचं... वनिताला पुन्हा विचारावं? हात फोनकडे गेला आणि थांबला. कारण काहीतरी आठवत होतं, नुसता आवाज, पाण्याचा.

गेल्या मे महिन्यातली सुट्टी. दुपारी तो ओटीवर आडवा पडलेला, आणि न्हाणीघरात नळ सुटलेला. आधी रिकाम्या बादलीचा आवाज, मग भरत आलेल्या बादलीचा, मग भरून वाहणाऱ्या बादलीचा – वाहतेय, वाहतेय, मध्ये तांब्याचा आवाज नाही, अंगावर पाणी घेतल्याचा नाही, बादलीतून थेट मोरीत. ते मी ऐकलं होतं. एकूणएक ऐकलं होतं. आत कोणी आंघोळ करत नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. आणि मी काय केलं? उठलो, दार बडवलं आणि ओरडलो, पाणी फुकट येतं का गं? तिकडे समुद्र उपसतो आम्ही एकेका थेंबासाठी!

नळ बंद झाला. ती बाहेर आली, म्हणाली, "सॉरी बाबा." केस कोरडे होते. कपडे तेच. तोंडाकडे त्याने पाहिलं नव्हतं, जमिनीवरच्या ओल्या पावलांकडे पाहिलं होतं, आणि वर जेवताना तो किस्सा सगळ्यांना हसत सांगितला होता. वनिता हसली नव्हती. दोन खोल्यांचं घर, पडदा नाही, खाट नाही, त्या पोरीने चिमटा लावायचा तरी कुठे? तिने नळ सोडला होता, आणि बापाने तोही बंद करायला लावला. का रडत होती ते त्याला अजून माहीत नव्हतं. खोलीतल्या पाच परक्या माणसांशी जे वागणं त्याला कधी शिकवावं लागलं नाही, ते स्वतःच्या घरात त्याला सुचलंही नव्हतं. त्याला लाज वाटली, सरळ लाज.

दार वाजलं. सिराजुद्दीन आला होता. चपलांचा आवाज पडद्यापाशी आला, थांबला, आणि हलका होऊन मागे गेला. भाताचा वास आला. ताटावर ताट झाकल्याचा आवाज आला.

दोनला पाच कमी होते. हे लिहिलं तर निवडणारे काय म्हणतील, रडकी मुलगी नको म्हणतील? लिहायला सोप्या गोष्टी पुष्कळ होत्या. देवाचं नाव घेते. आईला सांगते. सोसते. त्याने लिहिलं: तिला वाईट वाटलं की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते. बादली भरून वाहत असेल आणि तांब्याचा आवाज नसेल तर ओळखावं. दार वाजवू नये. पाण्याबद्दल बोलू नये. बाहेर आल्यावर जेवण झाकून ठेवलेलं असावं.

फोटो काढून पाठवला. ती वाचणार नव्हती. पालकांचं पान मुलांनी वाचायचं नसतं, मी नुसतं अर्जाला लावून देईन, असं तीच म्हणाली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. मिळालं बाबा. लावलं.

चला, झालं. तो पडून राहिला. पोटात भूक होती, हात पडद्याकडे गेला, तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला.

"सहा नंबरचं तुम्हाला आईने सांगितलं का?"

त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. हो म्हटलं तर विषय मिटत होता. वनिता सांभाळून घेईल, तिने अठरा वर्षं सांभाळलंच आहे. नाही म्हटलं तर... नाही म्हटलं तर तेव्हा मी ऐकत होतो हे आलं, ऐकूनही दार बडवलं हे आलं, आणि मग ती विचारील ते, किंवा न विचारता गप्प राहील ते. भीती वाटत होती, पण ही भीती त्याच्या ओळखीची नव्हती. दरवर्षी चाळीस दिवस ज्या मुलीला तो भेटत आला तिची ही नव्हतीच. रात्री दोनपर्यंत दिवा जाळणारी, वांगं खाणारी, मोठ्याने गाणी लावणारी कोणी एक जण तिकडे फोन हातात धरून बसली होती, आणि तिला त्याच्याकडून काहीतरी खरं हवं होतं.

त्याने लिहिलं, "नाही." अजून पाठवलं नव्हतं. पुढचं वाक्य जुळत नव्हतं.

बाहेर सिराजुद्दीनने बेसिनचा नळ उघडला, आपलं ताट धुतलं, नळ बंद केला. पांडूने चिमटा काढला नाही.